शस्त्रागार आणि ग्रंथागार : तंजावरचे सरफोजी महाराज

मराठी पानासाठी मी सरफोजी महाराजांवर लिहिणार, असे सांगितल्यावर आमच्या बराकीतल्या मित्रांचा पहिला प्रश्न होता, की त्यांनी किती लढाया जिंकल्या? खरे उत्तर आहे, एकही नाही. सैनिकी शाळेच्या अंकात अशा राजाला जागा का द्यावी, हे वाचकांनी लेख वाचून ठरवावे.

शिवाजी महाराजांचे सावत्र भाऊ व्यंकोजीराजे यांनी १६७६ च्या सुमारास तंजावरला भोसल्यांचे राज्य स्थापन केले. कावेरीच्या पाण्यावर पिकणारा तो सुपीक मुलूख. त्याआधी तेथे नायक राजे होते. त्यांनी बांधलेला राजवाडा आणि तट भोसल्यांकडे आला. राजवाड्यात सुमारे १९० फूट उंचीचा आठमजली मनोरा आहे. त्यावरून टेहळणी चाले आणि आत शस्त्रे ठेवली जात. शहराच्या पूर्व दरवाजाजवळच्या उंचवट्यावर रघुनाथ नायकाच्या काळातली एक प्रचंड तोफ आहे. ती ओतीव नाही. लोखंडाच्या लांब पट्ट्या एकमेकींना जोडून, त्यांच्यावर तापवलेली लोखंडी कडी ठोकून बसवली आहेत. लांबी साधारण साडेसात मीटर आणि वजन वीस टनांहून जास्त. त्या काळी यंत्रांच्या मदतीशिवाय हे काम ज्या लोहारांनी केले, त्यांची नावे आज कोणालाही माहीत नाहीत.

एवढी तोफ आणि एवढे शस्त्रागार असूनही १७७३ मध्ये अर्काटचा नवाब आणि इंग्रज यांनी मिळून तंजावर घेतले. राजे तुळजाजी कैद झाले. १७७६ मध्ये त्यांना गादी परत मिळाली, पण ती इंग्रजांच्या मर्जीने. सरफोजी महाराजांचा जन्म याच्या पुढच्याच वर्षी, २४ सप्टेंबर १७७७ रोजी, भोसल्यांच्याच एका शाखेत झाला.

तुळजाजींना वारस उरला नव्हता. १७८७ मध्ये मृत्यूपूर्वी त्यांनी नऊ वर्षांच्या सरफोजींना दत्तक घेतले आणि त्यांचा सांभाळ करण्याची जबाबदारी श्वार्ट्‌झ नावाच्या जर्मन पाद्र्यावर सोपवली. परंतु तुळजाजींचे सावत्र भाऊ अमरसिंह यांनी दत्तकविधान अमान्य ठरवून गादी घेतली. लहान सरफोजींना राजवाड्यात जवळजवळ कैद्यासारखे ठेवले गेले. श्वार्ट्‌झ यांनी कंपनी सरकारकडे तक्रार केली आणि अखेर मुलाला मद्रासला नेण्यात आले. तेथे त्यांचे शिक्षण झाले. मराठी, तमिळ आणि संस्कृत यांच्याबरोबर इंग्रजी आली, आणि इंग्रजीबरोबर गणित, भूगोल आणि विज्ञानाची पुस्तके आली. घरापासून दूर राहून शिकणे म्हणजे काय, हे आम्हा वसतिगृहातल्या मुलांना वेगळे सांगायला नको. पण आम्हाला सुट्टीत घरी जाता येते. त्या मुलाला घरीच धोका होता.

दत्तकविधान योग्य होते, असा निर्णय पुढे झाला आणि २९ जून १७९८ रोजी सरफोजी महाराज गादीवर बसले. वय वीस. श्वार्ट्‌झ त्याच वर्षी फेब्रुवारीत वारले होते. पुढच्या वर्षी ४ मे १७९९ रोजी श्रीरंगपट्टण पडले, टिपू सुलतान मारला गेला आणि दक्षिणेत कंपनीला अडवणारा कोणी उरला नाही. २५ ऑक्टोबर १७९९ च्या तहाने सरफोजींना राज्याचा कारभार कंपनीच्या हाती द्यावा लागला. त्यांच्याकडे तंजावरचा किल्ला राहिला, वर्षाला एक लाख होन आणि निव्वळ महसुलाचा पाचवा हिस्सा राहिला. दुर्बल राजाला सही करण्यावाचून पर्याय नव्हता, असे पुस्तकात वाचले तेव्हा मला वाईट वाटले.

असा पैसा हातात आणि काम काहीच नाही, अशा स्थितीत अनेक संस्थानिक नाचगाणी आणि शिकारीत रमले. सरफोजी महाराजांनी तो पैसा ज्ञानावर खर्च केला. नायकांच्या वेळेपासून राजवाड्यात पोथ्यांचा संग्रह होता. त्याचे त्यांनी मोठे ग्रंथागार केले. तेच आजचे सरस्वती महाल. १८२० मध्ये ते सुमारे तीन हजार माणसांसह काशीयात्रेला निघाले. यात्रेत त्यांनी जागोजागी हस्तलिखिते मिळवली. जी विकत मिळेनात, त्यांच्या नकला करून घ्यायला पंडित ठेवले. युरोपातून हजारो छापील पुस्तके मागवली. त्यांतील कित्येकांवर त्यांची इंग्रजी सही आहे, म्हणजे ती केवळ कपाटात ठेवायला आणली नव्हती.

१८०५ मध्ये त्यांनी देवनागरी छापखाना सुरू केला. तेथून १८०६ मध्ये इसापच्या गोष्टींचे मराठी पुस्तक, बालबोध मुक्तावली, निघाले. पुण्यात तेव्हा पेशवाई चालू होती आणि कावेरीकाठी मराठी पुस्तक छापले जात होते! बृहदीश्वराच्या देवळात १८०३ मध्ये त्यांनी भोसले घराण्याचा इतिहास मराठीत कोरून घेतला. तो जगातल्या सर्वांत लांब शिलालेखांपैकी एक समजला जातो. गेल्या वर्षी शाळेच्या सहलीत तो पाहताना आम्ही बाराजण भिंतीपाशी उभे राहून एक एक शब्द लावत होतो. आमचे तमिळ मार्गदर्शक हसत म्हणाले, की हे वाचायला लोक महाराष्ट्रातूनच येतात.

धन्वंतरी महाल हा त्यांचा आणखी एक उपक्रम. तेथे देशी वैद्य आणि युरोपीय औषधे, दोन्ही होती. डोळ्यांच्या रोग्यांच्या चाळीसहून अधिक नोंदी आजही जपलेल्या आहेत. रोग्यांच्या डोळ्यांची रंगीत चित्रे, उपचार आणि नंतरची स्थिती त्यांत लिहिलेली आहे. ओरत्तनाडू येथील छत्रात प्रवाशांना अन्न आणि मुलांना शिक्षण मिळे.

आता एक गोष्ट, जी लपवून चालणार नाही. तंजावरपासून सुमारे ६५ किलोमीटरवर समुद्रकाठी मनोरा नावाची आठमजली, षट्‌कोनी इमारत आहे. ती सरफोजी महाराजांनी १८१४-१५ मध्ये नेपोलियनवर इंग्रजांनी मिळवलेल्या विजयाची आठवण म्हणून बांधली. ज्यांनी आपले राज्य घेतले त्यांच्याच विजयाचा मनोरा! हे मला पटत नाही. श्वार्ट्‌झमुळे त्यांना युरोपियनांविषयी माया होती, आणि कंपनीला नाराज करणे परवडणारे नव्हते, ही कारणे मला समजतात. तरीही त्यांना वीर म्हणण्यापेक्षा शहाणा राजा म्हणावे, असे माझे मत झाले आहे.

शस्त्रे बनवण्याच्या आणि साठवण्याच्या जागांचे पुढे काय होते, याचे दुसरे उदाहरण अमेरिकेत आहे. दुसऱ्या महायुद्धात मॅनहॅटन प्रकल्पासाठी लॉस अलामॉस, ओक रिज आणि हॅनफर्ड अशी तीन गुप्त ठिकाणे उभारली गेली. नागासाकीवर टाकलेल्या बॉम्बचे प्लुटोनियम हॅनफर्डच्या अणुभट्टीत तयार झाले. २०१५ मध्ये या तिन्ही जागा मिळून राष्ट्रीय ऐतिहासिक उद्यान झाले आणि आता तेथे पर्यटक जातात. पण हॅनफर्डला १७७ भूमिगत टाक्यांमध्ये किरणोत्सारी कचरा आहे आणि त्याची विल्हेवाट अजून चालू आहे. शस्त्राचे काम काही सेकंदांत झाले, राखण मात्र पिढ्यान्‌पिढ्या करावी लागणार. तंजावरची तोफ निदान नुसती उन्हात तापते.

मी शस्त्राच्या विरुद्ध नाही. तंजावरलाच हवाई दलाचा तळ आहे आणि २० जानेवारी २०२० पासून तेथे सुखोई-३० विमानांची २२२ क्रमांकाची स्क्वाड्रन आहे. ती विमाने ब्राह्मोस क्षेपणास्त्र नेऊ शकतात. दक्षिणेचा समुद्र सुरक्षित राहतो तो अशा तळांमुळे. १७७३ ची हकीकत वाचणारा कोणीही शस्त्रे नकोत म्हणणार नाही. पण शस्त्रागार कशाचे रक्षण करते, हेही सैनिकाला माहीत असले पाहिजे.

सरफोजी महाराज ७ मार्च १८३२ रोजी वारले. त्यांचे पुत्र शिवाजीराजे १८५५ मध्ये पुत्र नसताना वारले आणि कंपनीने राज्य खालसा केले. शस्त्रागाराचे कामही तेव्हाच संपले. ग्रंथागार मात्र टिकले आणि १९१८ मध्ये सर्वांसाठी उघडले गेले. तेथे सुमारे तीन हजार मराठी हस्तलिखिते आहेत, शिवाय मोडी कागदपत्रांचे गठ्ठे आहेत. मोडी वाचणारे आज थोडे. मी या सुट्टीपासून मोडी शिकू लागलो आहे. अजून स्वतःचे नाव आणि शाळेचे नाव एवढेच लिहिता येते. वर्गातल्या आणखी कोणाला शिकायचे असेल, तर रविवारी परेडनंतर वाचनालयात यावे.

— एक कॅडेट, इयत्ता दहावी