दोह्यांपलीकडचा रहीम

हिंदीच्या तासाला रहीमचे दोहे तुम्ही पाठ करता. पण ते लिहिणाऱ्याला वडिलांकडून मिळालेली भाषा कोणती, हे ठाऊक आहे का? ती होती चगताई तुर्की. चंगीजखानाच्या चगताई या मुलाच्या नावावरून तिला हे नाव पडले. पंधराव्या शतकात हेरात येथे अलीशेर नवाई या कवीने, तुर्की ही फारसीपेक्षा कमी नाही, असे ठामपणे मांडून तिला मानाचे स्थान मिळवून दिले. बाबराने आपले आत्मचरित्र याच भाषेत लिहिले.

अब्दुर रहीमचा जन्म १५५६ साली लाहोरला झाला. वडील बैरामखान फारसी आणि तुर्कीत कविता करीत. आई मेवातची होती. १५६१ साली गुजरातेत पाटण येथे बैरामखानाचा खून झाला. चार वर्षांच्या पोरक्या रहीमला अकबराने आपल्याजवळ वाढवले. पुढे गुजरातची मोहीम जिंकल्यावर त्याला खानखाना ही पदवी मिळाली. अरबी, तुर्की, फारसी आणि हिंदी या चारही भाषा त्याला येत.

त्या काळी दरबाराचा कारभार फारसीत चाले. आजोबांचे पुस्तक घरात होते, पण ते वाचू शकणारे कमी होत चालले होते. अकबराच्या सांगण्यावरून रहीमने त्याचा फारसी अनुवाद केला आणि १५८९ साली तो बादशहाला सादर केला. पुढच्या कित्येक पिढ्यांनी बाबर वाचला तो याच फारसीतून. त्याची एक सचित्र प्रत दिल्लीच्या राष्ट्रीय संग्रहालयात आहे.

रहीमची बरीच वर्षे आपल्या शेजारी, बुऱ्हाणपुरात गेली. तेथील कुंडी भंडारा त्याच्याच काळातला, १६१५ च्या सुमाराचा. सातपुड्यातून झिरपणारे पाणी जमिनीखालच्या बोगद्याने शंभराहून अधिक कुंड्यांतून शहराकडे आणले गेले. इंदूरहून खंडव्याच्या वाटेने सहलीला गेलात तर तो अवश्य पाहा.

उतारवयात त्याने मुलांचे मृत्यू पाहिले, बादशहाची मर्जीही गमावली. १६२७ साली दिल्लीत त्याचे निधन झाले. हुमायूनच्या मकबऱ्याजवळची त्याची कबर दुरुस्त होऊन २०२० साली पुन्हा खुली झाली.

रहीमने पुस्तक वाचवले, भाषा मात्र दरबारातून हळूहळू गेलीच. अनुवादाने ग्रंथ टिकतो. भाषा टिकते ती घरात बोलल्याने. अन्नपूर्णा परिसरातल्या आपल्या घरांतही आजी मराठीत विचारते आणि नातवंडे हिंदीत उत्तर देतात, हे आम्ही रोज पाहतो. हिंदी उत्तम यायलाच हवी. रहीमनेही ती आपलीशी केली. पण आजीच्या पेटीतली जुनी पत्रे वाचायला उद्या आपल्याला अनुवादक शोधावा लागू नये, एवढेच आमचे मागणे. आज घरी गेल्यावर आजीला उत्तर मराठीत द्या.