कमला सोहोनी

कमला सोहोनी (माहेरचे नाव कमला भागवत, १९११–१९९८) या भारतीय जीवरसायनशास्त्रज्ञ होत्या. विज्ञानशाखेत पीएच.डी. मिळवणाऱ्या त्या पहिल्या भारतीय महिला मानल्या जातात. पेशींचे श्वसन, कडधान्यांतील प्रथिने आणि विकरांच्या कार्याला अटकाव करणारी द्रव्ये हे त्यांच्या संशोधनाचे प्रमुख विषय होते.

बालपण आणि शिक्षण

कमलाबाईंचा जन्म इंदूर येथे झाला. त्यांचे वडील नारायणराव भागवत आणि काका माधवराव भागवत हे दोघेही रसायनशास्त्रज्ञ असून बंगळूरच्या टाटा विज्ञान संस्थेच्या पहिल्या विद्यार्थ्यांपैकी होते. लेखिका व लोकसाहित्याच्या अभ्यासक दुर्गा भागवत या त्यांच्या भगिनी होत.

१९३३ मध्ये त्या मुंबई विद्यापीठाच्या बी.एस्सी. परीक्षेत सर्वप्रथम आल्या व त्यांनी बंगळूरच्या संस्थेत प्रवेशासाठी अर्ज केला. संस्थेचे संचालक चंद्रशेखर वेंकट रामन यांनी, त्या स्त्री असल्यामुळे, तो नाकारला. कमलाबाईंनी माघार न घेता सत्याग्रहाचा मार्ग पत्करला. अखेर प्रवेश मिळाला. मात्र पहिले वर्ष परीक्षणाचे राहील, कामाची पारख झाल्यावरच प्रवेश कायम होईल आणि त्यांच्या उपस्थितीने पुरुष संशोधकांचे लक्ष विचलित होता कामा नये, अशा अटी घालण्यात आल्या. श्रीनिवासय्या यांच्या मार्गदर्शनाखाली त्यांनी दूध व कडधान्ये यांतील प्रथिनांचा अभ्यास केला आणि १९३६ मध्ये एम.एस्सी. पदवी मिळवली. त्यांचे काम पाहून रामन यांनी संस्थेत स्त्रियांना प्रवेश देण्यास सुरुवात केली.

केंब्रिजमधील संशोधन

१९३७ मध्ये त्या केंब्रिज विद्यापीठात दाखल झाल्या. नोबेल पारितोषिक विजेते फ्रेडरिक हॉपकिन्स यांच्या प्रयोगशाळेत त्यांनी प्रथम डेरेक रिक्टर व नंतर रॉबिन हिल यांच्यासोबत काम केले. विकरे ही सजीवांतील उत्प्रेरके होत. ती स्वतः खर्ची न पडता रासायनिक क्रियांचा वेग वाढवतात. श्वसनाच्या साखळीत सायटोक्रोम सी हे लोहयुक्त प्रथिन सायटोक्रोम ऑक्सिडेज या विकराकडे इलेक्ट्रॉन पोहोचवते आणि तेथे ऑक्सिजनपासून पाणी तयार होते. बटाट्यावरील प्रयोगांतून कमलाबाईंनी वनस्पतींच्या ऊतींतही सायटोक्रोम सी असल्याचे व ते श्वसनात भाग घेत असल्याचे दाखवले. अवघ्या ४० पानांच्या प्रबंधावर त्यांना १९३९ मध्ये पीएच.डी. मिळाली.

भारतातील कार्य

त्याच वर्षी भारतात परतून त्या नवी दिल्लीच्या लेडी हार्डिंग वैद्यकीय महाविद्यालयात जीवरसायनशास्त्राच्या विभागप्रमुख झाल्या. पुढे त्यांनी कुन्नूरच्या पोषण संशोधन प्रयोगशाळेत काम केले. १९४७ मध्ये माधव सोहोनी यांच्याशी विवाह झाल्यावर त्या मुंबईत आल्या आणि तेथील विज्ञान संस्थेत प्राध्यापक झाल्या.

मुंबईत त्यांनी व त्यांच्या विद्यार्थ्यांनी सामान्य माणसाच्या आहारातील पदार्थ संशोधनासाठी निवडले. ट्रिप्सिन हे विकर लहान आतड्यात प्रथिनांचे पचन करते. अनेक कच्च्या कडधान्यांत त्याला अटकाव करणारी द्रव्ये असतात व त्यामुळे प्रथिने अंगी लागत नाहीत. नीट शिजवल्यावर या द्रव्यांचा प्रभाव बराच कमी होतो. भारतीय खाद्यपदार्थांतील अशा द्रव्यांचा शोध त्यांच्या प्रयोगशाळेने घेतला. राष्ट्रपती डॉ. राजेंद्र प्रसाद यांच्या सूचनेवरून त्यांनी नीरेचाही अभ्यास केला. कुपोषित आदिवासी मुले व गरोदर स्त्रिया यांच्या आहारात नीरेचा समावेश केल्यास प्रकृती सुधारते, असे त्यातून दिसून आले. या कार्यासाठी त्यांना राष्ट्रपती पुरस्कार मिळाला.

विज्ञान संस्थेचे संचालकपद मात्र त्यांना सुमारे ४ वर्षे उशिराने मिळाले. विद्यार्थिदशेत प्रवेशाच्या वेळी आलेला स्त्री-पुरुष भेद अधिकारपदाच्या वाटेवरही आडवा आला.

उत्तरायुष्य

भारतीय ग्राहक मार्गदर्शन संस्थेच्या उभारणीत त्यांचा सहभाग होता. १९८२-८३ मध्ये त्या संस्थेच्या अध्यक्षा होत्या व तिच्या ‘कीमत’ या नियतकालिकात त्यांनी ग्राहकांच्या सुरक्षिततेविषयी लेखन केले. १९९८ मध्ये भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेने नवी दिल्लीत त्यांचा सत्कार आयोजित केला होता. त्या समारंभात त्या कोसळल्या आणि थोड्याच काळात, २८ जून १९९८ रोजी, त्यांचे निधन झाले.