कमलाबाई निंबकर : व्यवसायोपचाराची पायाभरणी

स्वमग्न मुलाला चारचौघांसारखे वागायला शिकवायचे, की त्याच्या मेंदूची वेगळी घडण मान्य करून त्याचा दिवस सुकर करायचा? हा प्रश्न मुंबई-पुण्यातल्या पालकांपुढे आहे, तसाच सांगोल्यासारख्या तालुक्याच्या ठिकाणीही आहे. दुसऱ्या मार्गाला बळ देणाऱ्या व्यवसायोपचाराचा भारतातील पाया घातला कमलाबाई निंबकर यांनी.

त्यांचे माहेरचे नाव एलिझाबेथ लुंडी. १९०० मध्ये अमेरिकेतील एका क्वेकरपंथीय कुटुंबात त्यांचा जन्म झाला. विष्णू निंबकर यांच्याशी विवाह करून त्या भारतात आल्या, कमला झाल्या आणि इथल्याच होऊन राहिल्या. चाळिशी उलटल्यावर त्या पुन्हा विद्यार्थिनी झाल्या आणि फिलाडेल्फियात त्यांनी व्यवसायोपचाराचे रीतसर शिक्षण घेतले. त्या वयात आणि त्या काळात हे धाडसच म्हणावे लागेल.

१९५० मध्ये मुंबईच्या केईएम रुग्णालयात त्यांनी व्यवसायोपचाराचे विद्यालय सुरू केले. आशियातील ते पहिले मानले जाते. १९५२ मध्ये अखिल भारतीय व्यवसायोपचारतज्ज्ञ संघटना उभी राहिली आणि त्याच वर्षी स्थापन झालेल्या जागतिक महासंघाच्या संस्थापक देशांत भारताचे नाव लागले.

नावात 'व्यवसाय' असला तरी या शास्त्राचा नोकरीधंद्याशी थेट संबंध नाही. जेवणे, कपडे घालणे, खेळणे, लिहिणे ही माणसाची रोजची कामेच इथे औषध ठरतात. हात वळत नसेल तर चमच्याची मूठ जाड करायची. माणूस बदलत नसेल तर साधन आणि भोवताल बदलायचा. पुढे जीन एअर्स या अमेरिकी व्यवसायोपचारतज्ज्ञ विदुषीने मेंदू स्पर्श, आवाज, हालचाल यांचा मेळ कसा घालतो याचा अभ्यास मांडला. गोंगाटात कान झाकणारे मूल हट्टी नसून त्याला तो आवाज खरोखरच असह्य होत असतो, हे त्यामुळे अनेकांना उमगले.

स्वमग्नता, अतिचंचलता हे शब्द कमलाबाईंच्या उमेदीच्या काळात इथे फारसे कोणाच्या तोंडी नव्हते, हे मान्य करायला हवे. त्यांच्या शास्त्राच्या नावाखाली मुलांकडून नुसती कवायत करून घेणे हा मात्र त्या विचाराचा विपर्यासच होय. २०१६ च्या अपंग हक्क कायद्याने स्वमग्नता आणि अध्ययन अक्षमता यांना मान्यता दिली. तरी मुलाला नेमके काय करावेसे वाटते, हे विचारायचे बहुधा राहूनच जाते.

१९७९ मध्ये कमलाबाईंचे निधन झाले. मॅक्सीन बर्नसन यांनी फलटणमध्ये सुरू केलेली मराठी शाळा 'कमला निंबकर बालभवन' या नावाने ओळखली जाते.