युद्धकाळाचे बंदी : कै. शामराव परुळेकर

मुंबई–अहमदाबाद महामार्गावर महाराष्ट्राची हद्द जेथे संपते, तेथे अच्छाड वसले आहे. मालमोटारींची रीघ, तपासणी नाका, कारखान्यांची धुराडी आणि सरहद्दीपलीकडच्या गुजरातशी अखंड चाललेली उलाढाल, ही या गावाची आजची ओळख. परंतु सत्तर-ऐंशी वर्षांपूर्वी हा सारा मुलूख उंबरगाव तालुक्यात मोडत असे, डोंगरकपारीला वारल्यांचे पाडे होते आणि पायवाटेखेरीज फारसा मार्ग नव्हता. १९६० साली द्विभाषिक मुंबई राज्याचे विभाजन झाले तेव्हा उंबरगावचा मोठा भाग गुजरातेत गेला व मराठी मुलखात राहिलेल्या गावांतून पुढे तलासरीचा स्वतंत्र कारभार उभा राहिला. १ ऑगस्ट २०१४ रोजी पालघर जिल्हा झाला. या भूमीचा अर्वाचीन इतिहास ज्यांच्या नावाखेरीज लिहिता येत नाही, अशा मोजक्या व्यक्तींत कै. शामराव परुळेकर यांची गणना होते. ते येथे जन्मले नाहीत, येथे त्यांनी शेतजमीन वा घरदार केले नाही. तरीही डहाणू-तलासरीच्या पाड्यापाड्यांतून त्यांना आपला माणूस मानले गेले.

शामरावांच्या सार्वजनिक जीवनाचा आरंभ मवाळ परंपरेत झाला, हे आज अनेकांना ठाऊक नसते. नामदार गोपाळ कृष्ण गोखले यांनी १९०५ साली पुण्यास स्थापन केलेल्या भारत सेवक समाजाचे ते सदस्य होते. अल्प वेतनावर आजन्म देशसेवा करण्याचे व्रत घेणाऱ्यांची ती संस्था. तेथे कामगार चळवळीचे अध्वर्यू ना. म. जोशी यांच्या सहवासात त्यांनी मजुरांच्या प्रश्नांचा अभ्यास केला. जिनिव्हा येथील आंतरराष्ट्रीय मजूर परिषदेसही ते जाऊन आले. १९३७ च्या निवडणुकीत डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या स्वतंत्र मजूर पक्षातर्फे ते मुंबई विधानसभेवर निवडून आले. कोकणातील खोती पद्धत नष्ट व्हावी म्हणून जानेवारी १९३८ मध्ये मुंबईच्या विधिमंडळावर शेतकऱ्यांचा जो प्रचंड मोर्चा गेला, त्याच्या संघटकांत शामराव होते. अर्ज-विनंत्या, अहवाल आणि ठराव यांच्या मार्गाने किती अंतर कापता येते, हे त्यांनी त्या वर्षांत जवळून पाहिले व बहुधा त्यातूनच त्यांचे मन पालटले. १९३९ मध्ये ते कम्युनिस्ट पक्षात आले. त्याच वर्षी भारत सेवक समाजातील सहकारी गोदावरीबाई गोखले यांच्याशी त्यांचा विवाह झाला. गोदावरीबाई या महाराष्ट्रातील पहिल्या स्त्री कायदा पदवीधर. या दोघांचे पुढील आयुष्य इतके एकरूप झाले की, एकाचे चरित्र लिहिताना दुसऱ्याचे आपोआप लिहिले जाते.

१९३९ च्या सप्टेंबरात दुसरे महायुद्ध पेटले. हिंदुस्थानच्या प्रतिनिधींना न विचारता व्हाइसरॉयने देश युद्धात असल्याचे घोषित केले. ही लढाई साम्राज्यांची आहे, तिच्याशी हिंदी जनतेला कर्तव्य नाही, अशी भूमिका घेऊन परुळेकर दांपत्य युद्धविरोधी प्रचारात उतरले. २ ऑक्टोबर १९३९ रोजी मुंबईच्या सुमारे नव्वद हजार कामगारांनी युद्धविरोधात एक दिवसाचा संप केला. सरकारच्या हाती तेव्हा भारत संरक्षण कायद्याचे हत्यार होते. १९४० मध्ये दोघांनाही अटक झाली आणि १९४२ पर्यंत त्यांना बंदिवास भोगावा लागला. संसार मांडून फारसा काळ झाला नव्हता.

येथे इतिहासाची एक विचित्र गाठ आहे व ती झाकून ठेवण्याचे कारण नाही. जून १९४१ मध्ये जर्मनीने रशियावर आक्रमण केल्यावर कम्युनिस्ट पक्षाने युद्धाविषयीचे धोरण बदलले. जुलै १९४२ मध्ये पक्षावरील बंदी उठली. लगेच ऑगस्टमध्ये छोडो भारतचे आंदोलन उसळले आणि सारे राष्ट्र तुरुंगाच्या वाटेला लागले, तेव्हा युद्धाला विरोध केल्याबद्दल कैद भोगलेले शामराव बाहेर होते. या भूमिकेबद्दल त्यांच्या पक्षावर देशभर टीका झाली व ती अकारण नव्हती. शामरावांनी मात्र या काळात ठाणे जिल्ह्यातील शेतकऱ्यांत किसान सभेचे काम हाती घेतले, आणि त्यांच्या आयुष्याचे खरे कार्य येथूनच सुरू झाले.

जानेवारी १९४५ मध्ये टिटवाळा येथे महाराष्ट्र किसान सभेची परिषद भरली. उंबरगावकडील मूठभर वारली तेथे आले होते. त्यांनी जे सांगितले ते ऐकून परिषदेस जमलेले शेतकरीही अवाक् झाले. वेठ म्हणजे जमीनदार बोलावील तेव्हा विनामोबदला राबणे. लग्नासाठी सावकाराकडून घेतलेल्या थोड्याशा रकमेपायी नवरा-बायकोने पुढे आयुष्यभर त्याच्याकडे गुलामासारखे राहावयाचे, याला लग्नगडी म्हणत. सरकारला हे ठाऊक नव्हते असे नाही. सिमिंग्टन या इंग्रज अधिकाऱ्याने १९३८ मध्ये आदिवासींच्या स्थितीचा अहवाल सादर केला होता व त्यात या प्रथांची स्पष्ट नोंद होती. अहवाल दप्तरात राहिला, वेठ चालूच राहिली. जमीनदार व सावकार यांच्यात पारशी, इराणी, ब्राह्मण, मुसलमान, मारवाडी, गुजराती असे सर्वच समाज होते. म्हणून हा एखाद्या जातीचा वा धर्माचा दोष नव्हता. तो एका व्यवस्थेचा दोष होता, आणि तिच्या सावलीत व्यापार-उदीम करणाऱ्या कोणालाही तिच्यापासून पूर्ण अलिप्त राहता आले नाही, हे आज शांतपणे मान्य करता येते.

२३ मे १९४५ रोजी झरी येथे वारल्यांची परिषद झाली. झरी हे आजच्या तलासरी तालुक्यातील गाव. सुमारे पाच हजार वारली तेथे जमले, बायकाही आल्या. परिषदेने घेतलेले निर्णय अगदी साधे होते. वेठ करावयाची नाही. रोजी बारा आणे रोख मिळाल्याखेरीज जमीनदाराची जमीन कसावयाची नाही. मारहाण सोसावयाची नाही. सर्वांनी एक राहावयाचे. या निर्णयांना जी धार आली ती परुळेकर दांपत्याच्या पायपिटीमुळे. लाल बावटा घेऊन हे सुशिक्षित जोडपे पाड्यापाड्यांतून चालत फिरले, वारल्यांच्या झोपड्यांत राहिले, त्यांचेच अन्न खाल्ले. वेठबिगारी मोडली, ती काही आठवड्यांत मोडली. लग्नगडी मोकळे झाले. पिढ्यान्‌पिढ्यांचे जोखड इतक्या थोड्या अवधीत गळून पडल्याची उदाहरणे इतिहासात फार नाहीत.

पावसाळा संपताच गवतकापणीचा प्रश्न आला. मुंबईच्या गोठ्यांना व तबेल्यांना या भागातून गवत जात असे, व तो मोठा धंदा होता. पाचशे पौंड गवत कापण्यास अडीच रुपये मिळावेत, ही वारल्यांची मागणी होती. ती नाकारली गेली आणि संप झाला. १० ऑक्टोबर १९४५ रोजी तलवाडा येथे जमलेल्या हजारो वारल्यांवर पोलिसांनी गोळीबार केला. गोदावरीबाईंच्या जिवाला धोका असल्याची वार्ता पसरल्याने लोक तेथे गोळा झाले होते. जेठ्या गांगड यांच्यासह पाच जण मृत्युमुखी पडले. पुढील वर्षी जंगलतोडीच्या कामासाठी सव्वा रुपया रोज मागून दुसरा लढा झाला. त्या वेळी मुंबई प्रांतात काँग्रेसचे मंत्रिमंडळ होते, बाळासाहेब खेर मुख्यमंत्री व मोरारजी देसाई गृहमंत्री होते. पुढाऱ्यांना जिल्ह्यातून हद्दपार केले गेले. ७ जानेवारी १९४७ रोजी नानिवली येथे पुन्हा गोळ्या सुटल्या व आणखी पाच माणसे गेली. या संघर्षाचा वृत्तान्त शामरावांनी त्याच वर्षी एका इंग्रजी पुस्तिकेत लिहून ठेवला. घटना ताज्या असताना, त्यातल्याच एकाने लिहिलेला तो दस्तऐवज असल्यामुळे अभ्यासकांना आजही तो चाळावा लागतो.

स्वातंत्र्य आले, पण शामरावांचे तुरुंगाशी असलेले नाते तुटले नाही. नोव्हेंबर १९५१ मध्ये त्यांना प्रतिबंधक स्थानबद्धता कायद्याखाली पकडण्यात आले. त्यांनी सर्वोच्च न्यायालयात दाद मागितली. न्यायालयाने १९५२ मध्ये त्या कायद्याची मुदतवाढ वैध ठरवली, त्यामुळे शामरावांच्या पदरी काही पडले नाही. मात्र एखाद्या कायद्यात दुरुस्ती झाली की मूळ कायदा जणू लेखणीने तेथेच बदलून लिहिला आहे असे समजून वाचावा, हे त्या निकालात मांडलेले तत्त्व देशभरातील न्यायालयांतून अजूनही उद्धृत होते. जानेवारी १९५६ मध्ये, संयुक्त महाराष्ट्राच्या आंदोलनाने मुंबई पेटलेली असताना, त्यांना पुन्हा स्थानबद्ध केले गेले. पुन्हा सर्वोच्च न्यायालय, पुन्हा ठाण्याच्या जिल्हा दंडाधिकाऱ्यांविरुद्ध तेच नाव. कायद्याचे विद्यार्थी परुळेकर हे नाव निकालपत्रांच्या मथळ्यातून शिकतात. त्यामागचा मनुष्य तलासरीच्या रानात हिंडत असे, हे त्यांच्यापैकी क्वचितच कोणाला माहीत असते.

१९५७ च्या सार्वत्रिक निवडणुकीत संयुक्त महाराष्ट्राच्या लाटेत ठाणे मतदारसंघातून शामराव लोकसभेवर गेले. हा मतदारसंघ दोन जागांचा होता व दुसऱ्या जागेवर त्यांच्याच पक्षाचे लक्ष्मण महादू मातेरा हे निवडून आले. ज्या मुलखात पंधरा वर्षांपूर्वी वारल्याला जमीनदारापुढे मान वर करून उभे राहता येत नसे, त्या मुलखाचा शब्द दिल्लीच्या सभागृहात पोहोचला.

२० ऑक्टोबर १९६२ रोजी चीनने सरहद्दीवर हल्ला चढवला. २६ ऑक्टोबरला देशात आणीबाणी जाहीर झाली आणि पाठोपाठ भारत संरक्षण नियम अमलात आले. इंग्रजांनी १९३९ मध्ये उगारलेल्या हत्याराचाच हा नवा अवतार. कम्युनिस्टांची धरपकड सुरू झाली. गोदावरीबाईंना ७ नोव्हेंबर १९६२ रोजी स्थानबद्ध केले गेले व त्यांचे प्रकरण सर्वोच्च न्यायालयापर्यंत जाऊन जानेवारी १९६४ मध्ये निकालात निघाले. चीनविषयीच्या प्रश्नावर पक्षात उभा छेद गेला, १९६४ मध्ये पक्ष दुभंगला आणि परुळेकर दांपत्य मार्क्सवादी पक्षात राहिले. त्या वर्षाच्या अखेरीस देशभर पुन्हा अटकसत्र झाले. या वर्षांतील पती-पत्नींचा बहुतेक काळ गजांआड गेला. शत्रूशी संधान बांधल्याचा संशय ज्यांच्यावर ठेवला गेला, त्यांच्यावर कोणत्याही न्यायालयात तसा आरोप ठेवून खटला मात्र चालवला गेला नाही. स्थानबद्धतेचे स्वरूपच तसे असते. गुन्हा सिद्ध करावा लागत नाही, त्यामुळे निर्दोष सुटण्याची संधीही मिळत नाही.

३ ऑगस्ट १९६५ रोजी मुंबईच्या ऑर्थर रोड तुरुंगात स्थानबद्ध असतानाच हृदयविकाराने शामरावांचे निधन झाले. एका युद्धात परक्या सरकारने त्यांना कैदेत टाकले होते, दुसऱ्या युद्धाच्या छायेत स्वकीय सरकारच्या कैदेत त्यांनी देह ठेवला.

गोदावरीबाई पुढे तीस वर्षांहून अधिक काळ या मुलखात काम करीत राहिल्या. वारल्यांच्या उठावाची हकीकत सांगणारे त्यांचे जेव्हा माणूस जागा होतो हे पुस्तक १९७० मध्ये प्रसिद्ध झाले व त्यास १९७२ चा साहित्य अकादमी पुरस्कार मिळाला. ८ ऑक्टोबर १९९६ रोजी त्या निवर्तल्या. तलासरीस आदिवासी प्रगती मंडळाचे जे महाविद्यालय आहे, त्याला कॉम्रेड गोदावरी शामराव परुळेकर असे नाव दिलेले आहे. दोघांची नावे त्यात एकत्र आहेत. अच्छाड, झरी व आसपासच्या पाड्यांवरची मुले-मुली तेथे शिकावयास जातात.