पंडित आणि सीमारेषा

डी व्हॅलेरा आणि मायकेल कॉलिन्स ही नावे आपल्याकडील स्वातंत्र्यलढ्याच्या पिढीला मुखोद्गत होती. त्याच आयर्लंडचे ओवेन मॅकनील मात्र आपल्या वाचकांना तितके परिचित नाहीत. वास्तविक आयरिश भाषेची चळवळ आणि सशस्त्र स्वयंसेवकांची संघटना या दोहोंच्या उभारणीत त्यांचा हात होता. असे असूनही त्यांच्या देशबांधवांनी प्रामुख्याने लक्षात ठेवले ते त्यांचे दोन पराभव. त्यांपैकी दुसरा पराभव सीमारेषेचा होता. सीमाप्रश्नाची झळ सोसलेल्या कोणत्याही समाजाने तो नीट समजून घ्यावा, असे आम्हाला वाटते.

मॅकनील यांचा जन्म 1867 साली आयर्लंडच्या ईशान्य किनाऱ्यावरील ग्लेनार्म या गावी एका कॅथलिक कुटुंबात झाला. भोवतालचा अँट्रिम परगणा बहुसंख्य प्रॉटेस्टंटांचा, ब्रिटिश राजमुकुटाशी निष्ठा सांगणारा. डब्लिनच्या न्यायालयात कारकुनी करीत असताना त्यांनी मायदेशाची विस्मृतीत चाललेली भाषा आत्मसात केली. त्यासाठी पश्चिमेच्या अॅरन बेटांवर जाऊन ते कोळी-शेतकऱ्यांत राहिले. 1893 मध्ये डग्लस हाइड यांच्यासमवेत त्यांनी गेलिक लीगची स्थापना केली. पुढे प्राचीन आयरिश इतिहासाचे प्राध्यापक म्हणून त्यांनी मोठी मान्यता मिळविली.

या पंडिताला राजकारणात ओढले ते त्याच्याच एका लेखाने. आयर्लंडला स्वराज्य मिळू नये म्हणून उत्तरेतील प्रॉटेस्टंटांनी 1913 च्या आरंभी स्वयंसेवक दल उभारले. त्यांचे अनुकरण राष्ट्रवाद्यांनी का करू नये, असा सवाल मॅकनील यांनी केला आणि त्याच नोव्हेंबरात स्थापन झालेल्या आयरिश स्वयंसेवकांचे नेतृत्व त्यांच्याकडे चालून आले. 1916 च्या ईस्टर उठावाचा बेत मात्र त्यांना अंधारात ठेवून रचला गेला. यशाची आशा नसताना तरुणांचे रक्त सांडणे त्यांच्या सदसद्विवेकाला मानवले नाही. जर्मनीहून येणारी शस्त्रे हाती लागणार नाहीत हे कळताच त्यांनी हुकूम रद्द केल्याचे वृत्तपत्रातून जाहीर केले. उठाव झालाच, एक दिवस उशिराने आणि अपुऱ्या बळानिशी. तो रोखू पाहणाऱ्या मॅकनील यांनाही इंग्रजांनी जन्मठेप दिली. 1917 मध्ये ते सुटले.

1920 च्या कायद्याने उत्तरेचे सहा परगणे वेगळे काढण्यात आले. त्यांत प्रॉटेस्टंट सुमारे दोन तृतीयांश होते. पण फर्मॅना आणि टिरोन या दोन परगण्यांत कॅथलिकांचेच बहुमत होते. 1921 च्या तहात यावर तोडगा म्हणून बारावे कलम घालण्यात आले. रहिवाशांच्या इच्छेनुसार, परंतु आर्थिक व भौगोलिक परिस्थितीशी सुसंगत असेल तितपतच, आयोगाने सीमा ठरवावी असा त्याचा आशय होता. या ‘परंतु’त केवढी दरी दडली आहे, हे त्या वेळी फार थोड्यांनी ओळखले. तहावरून यादवी पेटली. मॅकनील तहाच्या बाजूच्या मंत्रिमंडळात शिक्षणमंत्री, तर त्यांचा मुलगा ब्रायन तहविरोधकांत. सप्टेंबर 1922 मध्ये स्लायगोच्या डोंगरात सरकारी फौजांच्या गोळ्यांनी ब्रायन मारला गेला.

हे दुःख उरी बाळगून ते 1924 मध्ये सीमा आयोगावर गेले. दक्षिण आफ्रिकेतील न्यायाधीश फीदम हे अध्यक्ष होते. बेलफास्टने प्रतिनिधी देण्याचे नाकारल्याने इंग्लंडने उत्तरेच्या वतीने फिशर यांना नेमले. जनमत कौल घेतला गेला नाही. राष्ट्रवादी बहुमताचे न्यूरी शहर आर्थिक संबंधांचे कारण देऊन उत्तरेतच ठेवण्याचे ठरले. कामकाज गुप्त राखण्याचे वचन मॅकनील यांनी इतके काटेकोर पाळले की स्वतःच्या मंत्रिमंडळालाही काही कळविले नाही. फिशर मात्र खासगी पत्रांतून बातम्या पुरवीत होते, हे मागाहून उघड झाले.

नोव्हेंबर 1925 मध्ये लंडनच्या ‘मॉर्निंग पोस्ट’ने आयोगाचा नियोजित नकाशा छापला. सुमारे एकतीस हजार लोक दक्षिणेकडे येणार होते खरे; पण डोनेगॉलचा काही सुपीक भाग उलट उत्तरेला द्यावा लागणार होता. डब्लिनमध्ये संतापाची लाट उसळली. मॅकनील यांनी आयोगाचा व पाठोपाठ मंत्रिपदाचाही राजीनामा दिला. 3 डिसेंबर रोजी तिन्ही सरकारांनी होती तीच सीमा कायम केली. त्याबदल्यात दक्षिणेला ब्रिटनच्या राष्ट्रीय कर्जातील वाट्यातून सूट मिळाली. अहवाल दडपला गेला. तो छापून बाहेर आला 1969 मध्ये. कर्ज फिटले, पण न्यूरीच्या माणसाला कोणी काही विचारले नाही.

मॅकनील यांचा दोष कोणता? आपण न्यायासनावर बसलो आहोत, अशी त्यांची भावना होती. प्रत्यक्षात ते वाटाघाटीच्या मेजाशी बसले होते. तरीही सारा दोष त्यांच्या माथी मारणे अन्यायाचे होईल. आयोग बसण्यापूर्वीच त्याचे निकष संदिग्ध राहिले, तिथेच निकाल लागला होता. गोव्याला 16 जानेवारी 1967 रोजी निदान विचारले तरी गेले. कौल कोणाला रुचला, कोणाला रुचला नाही, पण तो लोकांचा होता. बेळगावच्या वाट्याला मात्र आयोग आला. महाजन आयोगाचा 1967 चा अहवाल महाराष्ट्राने नाकारला आणि 2004 मध्ये वाद सर्वोच्च न्यायालयाच्या दारी गेला. निकष आधी निश्चित न करता आयोग मान्य करणे म्हणजे कोऱ्या कागदावर सही करणे होय.

1927 च्या निवडणुकीत हरल्यावर मॅकनील राजकारणातून दूर झाले. 1928 मध्ये स्थापन झालेल्या आयरिश हस्तलिखित आयोगाचे ते पहिले अध्यक्ष झाले आणि 1945 मध्ये डब्लिन येथे त्यांचे निधन झाले. त्यांना पुसता न आलेली ती रेषा 1998 च्या करारानंतर लष्करी नाक्यांतून मुक्त झाली; ब्रिटन 2020 मध्ये युरोपीय संघातून बाहेर पडताच तिच्यावरून पुन्हा वाद पेटला. त्यांनी जपलेली भाषा मात्र त्या रेषेच्या दोन्ही बाजूंना बोलली जाते, शिकवली जाते. त्यांच्या नावे पराभव मांडणाऱ्यांनी हिशेबाचे हे दुसरे पानही उलटून पाहावे.