रक्ताच्या रिपोर्टमधला 'सीआरपी' आला कुठून? न्यूमोनियाशी झुंजलेल्या ऑस्वाल्ड एव्हरींची गोष्ट

कोरोनाच्या काळात घराघरांत एक शब्द पोहोचला, सीआरपी. रिपोर्ट आला की आधी हाच आकडा पाहिला जायचा. तो वाढला की घरच्यांचा जीव टांगणीला लागायचा. फुप्फुसाचा आजार किती गंभीर आहे, याचा अंदाज देणारा हा घटक ज्या प्रयोगशाळेत सापडला, ती होती ऑस्वाल्ड एव्हरी यांची.

कोण होते एव्हरी?

जन्म १८७७, कॅनडातील हॅलिफॅक्स. वडील धर्मोपदेशक. एव्हरी दहा वर्षांचे असताना कुटुंब न्यूयॉर्कला आलं. १९०४ मध्ये ते डॉक्टर झाले, पण रुग्ण तपासण्यापेक्षा प्रयोगशाळेत जास्त रमले. १९१३ मध्ये ते न्यूयॉर्कच्या रॉकफेलर इन्स्टिट्यूटच्या रुग्णालयात रुजू झाले. तेव्हा अँटिबायोटिक्स नव्हती आणि न्यूमोनिया हा मोठा मारेकरी होता. उपचार म्हणून सीरम दिलं जायचं, पण जंतूचा प्रकार ओळखला तरच ते लागू पडायचं.

रक्तात काय सापडलं?

१९१७ मध्ये एव्हरी आणि डोशे यांनी दाखवलं की, न्यूमोकॉकस जंतूच्या आवरणातला पदार्थ रुग्णाच्या रक्तात आणि लघवीतही उतरतो. म्हणजे आजार छातीत असला, तरी त्याची खूण रक्तात मिळते.

१९३० मध्ये याच प्रयोगशाळेतील टिलेट आणि फ्रान्सिस यांनी रुग्णांचं सीरम जंतूच्या 'सी' नावाच्या घटकात मिसळलं. आजार जोरात असताना साका तयार झाला; रुग्ण बरा होऊ लागल्यावर तो दिसेना. 'सी'ला प्रतिसाद देणारं प्रथिन, म्हणून सी-रिअॅक्टिव्ह प्रोटीन. त्या शोधनिबंधावर एव्हरींचं नाव नव्हतं. १९४१ मध्ये मात्र त्यांनी सहकाऱ्यांसोबत हे प्रथिन वेगळं करून त्याचे गुणधर्म मांडले.

हा आकडा काय सांगतो?

शरीरात दाह सुरू झाला की यकृत हे प्रथिन बनवतं. काही तासांत पातळी वाढते आणि दाह ओसरला की झपाट्याने उतरते. त्यामुळे एका रिपोर्टपेक्षा लागोपाठच्या रिपोर्टमधला चढ-उतार जास्त बोलका असतो. पण सीआरपी फक्त फुप्फुसाच्या आजारात वाढत नाही. संधिवात, जखम, शस्त्रक्रिया, दुसरा कुठलाही संसर्ग, सगळ्यांत वाढतो. म्हणूनच ऑक्सिजनची पातळी, श्वासाचा वेग आणि एक्स-रे यांच्यासोबतच डॉक्टर तो वाचतात. केवळ आकडा पाहून घाबरणं किंवा निर्धास्त होणं, दोन्ही चूक.

नोबेल मिळालंच नाही

न्यूमोनियाच्या याच जंतूवर काम करताना १९४४ मध्ये एव्हरी, मॅक्लिऑड आणि मॅकार्टी यांनी दाखवून दिलं की, आनुवंशिक गुण वाहून नेणारा पदार्थ डीएनए आहे. तेव्हा एव्हरी ६६ वर्षांचे होते. अनेक शास्त्रज्ञांना हे लगेच पटलं नाही. १९४५ मध्ये त्यांना कोप्ली पदक मिळालं, नोबेल मात्र कधीच नाही.

अविवाहित एव्हरी अखेरच्या काळात नॅशव्हिलला भावाजवळ राहायला गेले. १९५५ मध्ये तिथेच त्यांचं निधन झालं. त्यांच्या प्रयोगशाळेत सापडलेली ती खूण मात्र आजही आपल्या रिपोर्टमध्ये छापून येते.