रविवारची सुट्टी कोणी मिळवून दिली?

नवापूर असो वा नंदुरबार, कारखान्यात कर्मचारी कल्याण समिती नेमली की प्रश्न येतो : तिने करायचे काय? उत्तर नारायण मेघाजी लोखंडे यांच्या आयुष्यात सापडते.

लोखंडे यांचा जन्म १८४८ मध्ये ठाण्यात झाला. रेल्वे आणि टपाल खात्यातील नोकरीनंतर ते मुंबईतील मांडवीच्या कापड गिरणीत स्टोअरकीपर झाले. कामगारांचे हाल त्यांनी तिथे जवळून पाहिले. काम पहाटेपासून दिवस मावळेपर्यंत चाले, आठवड्याची हक्काची सुट्टी नव्हती. महात्मा फुले यांच्या या सहकाऱ्याने १८८० पासून ‘दीनबंधू’ पत्र चालवले.

१८८४ मध्ये त्यांनी बॉम्बे मिलहँड्स असोसिएशन स्थापन केली. सुमारे साडेपाच हजार कामगारांच्या सह्यांचे निवेदन फॅक्टरी कमिशनला दिले. मागण्या नेमक्या होत्या :

• रविवारी सुट्टी
• दुपारी अर्धा तास विश्रांती
• दरमहा १५ तारखेपर्यंत पगार
• कामावर जखमी झाल्यास बरे होईपर्यंत पूर्ण पगार, कायमचे अपंगत्व आल्यास निर्वाहाची सोय

सहा वर्षे पाठपुरावा झाला. एप्रिल १८९० मध्ये महालक्ष्मी येथे सुमारे दहा हजार कामगार जमले, दोन महिला कामगारांनीही भाषणे केली. १० जून १८९० रोजी गिरणीमालकांनी रविवारची सुट्टी मान्य केली.

प्लेगच्या साथीत रुग्णसेवा करताना ९ फेब्रुवारी १८९७ रोजी लोखंडे यांचे निधन झाले.

समितीने यातून घ्यावे ते इतकेच : आधी कामगारांचे ऐका, मागण्या लेखी मांडा, निर्णय होईपर्यंत पाठपुरावा सोडू नका.